रिकाम्या यादीचा अन्वयार्थ

रोलाँ बार्थने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, मिशेल फूकोने ‘लेखक म्हणजे काय?’ असा प्रश्न उपस्थित करून, लेखक ही केवळ व्यक्ती नसून संहितांचे वर्गीकरण व नियमन करणारे एक कार्य आहे, अशी मांडणी केली. हे दोन्ही निबंध मराठी समीक्षेला अपरिचित नाहीत. ज्या दशकात पॅरिसमध्ये लेखकाला निरोप दिला जात होता, त्याच दशकात अमेरिकेतील काही वाचक मात्र लेखकाच्या शोधात निघाले होते, ही बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या जेरी बेल्स यांनी १९६१ साली ‘ऑल्टर ईगो’ हे हौशी नियतकालिक सुरू केले आणि १९७३ ते १९७६ या काळात हेम्स वेअर यांच्यासह कॉमिक-पुस्तकांच्या निर्मात्यांचा परिचयकोश सिद्ध केला. कोणती कथा कोणी लिहिली, रेखाटन कोणाचे, शाई कोणाची, हे प्रश्न या मंडळींना सैद्धांतिक वाटत नव्हते. ज्यांच्या जन्माचीच नोंद झालेली नव्हती, अशा लेखकांच्या मृत्यूची चर्चा त्यांना परवडणारी नव्हती.

हौशी वाचकांच्या या खटाटोपाचा वारसा आज डेटाबेसच्या रूपाने उपलब्ध आहे. १९९४ साली स्वयंसेवकांनी उभारलेला ‘ग्रँड कॉमिक्स डेटाबेस’ आणि २००६ साली सुरू झालेला ‘कॉमिक व्हाइन’ ही त्यांतील दोन ठळक नावे. ‘मार्व्हल’ या प्रकाशनसंस्थेनेही २०१४ साली आपल्या प्रकाशनांची माहिती बाहेरच्या संगणक-कार्यक्रमांना खुली केली. अशा खुल्या केलेल्या प्रवेशद्वाराला एपीआय म्हणतात. ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या पद्धतीने विनंती पाठवावयाची आणि ठरलेल्या आकृतिबंधात उत्तर घ्यावयाचे, एवढाच त्याचा व्यवहार. परंतु किल्ली जोडणे, पत्ता बांधणे, पानांमागून पाने मागवणे, चुका हाताळणे ही कामे दरवेळी नव्याने करणे कंटाळवाणे असते. म्हणून कोणी तरी ती एकदाच करून ठेवतो. त्या तयार संचाला क्लायंट लायब्ररी म्हणतात. जावास्क्रिप्ट भाषेतील अशी एखादी लायब्ररी हाताशी असली की ‘या अंकाचे निर्माते सांग’ एवढी एक ओळ लिहून अभ्यासकाला उत्तर मिळते.

या सोयीकडे साहित्यसमीक्षेने लक्ष द्यावे असे त्यात काय आहे? क्लायंट लायब्ररी ही मध्यस्थ आहे. आणि मध्यस्थाच्या हातून संहितेचे काय होते, हा समीक्षेचा जुना प्रश्न आहे. लेखनिक पोथी उतरवून घेतो, संपादक पाठ निश्चित करतो, भाषांतरकार वाक्य दुसऱ्या भाषेत नेतो; या प्रत्येकाच्या कृतीत एक अव्यक्त वाचन दडलेले असते. लायब्ररीदेखील डेटाबेसचे उत्तर वाचते आणि आपल्या समजुतीप्रमाणे पुन्हा मांडते. डेटाबेसला जे ठाऊक असते ते ती बहुधा इमानाने पोचवते. प्रश्न उद्भवतो तो डेटाबेसला जे ठाऊक नसते ते पोचवण्याच्या वेळी.

एखाद्या संशोधिकेने विसाव्या शतकाच्या मध्यातील अमेरिकन कॉमिक-पुस्तकांतील रंगकारांच्या कामावर प्रबंध हाती घेतला आहे, असे समजावे. तिला २,००० अंकांची माहिती हवी आहे. कॉमिक व्हाइनच्या एपीआयमध्ये अंकांची यादी मागितली तर एका विनंतीला जास्तीत जास्त १०० नोंदी मिळतात. म्हणजे २० विनंत्यांत सारे अंक हाती येतात. परंतु या यादीतील नोंदींमध्ये अंकाचा क्रमांक, नाव, मुखपृष्ठावरील दिनांक अशा गोष्टी असतात. निर्मात्यांची नावे नसतात. ती हवी असल्यास प्रत्येक अंकाचा तपशील स्वतंत्रपणे मागवावा लागतो आणि अशा विनंत्यांवर ताशी २०० ही मर्यादा घातलेली आहे. वीस विनंत्यांच्या जागी दोन हजार विनंत्या आणि दहा तास. एवढी वाट पाहण्यापेक्षा यादीवरच भागवावे, असा मोह होणे स्वाभाविक आहे. तिने यादीतील एखाद्या नोंदीला ‘तुझे निर्माते कोण?’ असे विचारले आणि लायब्ररीने तिच्या हाती एक रिकामी यादी ठेवली, तर तिने काय समजावे? निर्माते नाहीत? निर्माते ठाऊक नाहीत? की निर्मात्यांविषयी अद्याप विचारलेलेच नाही?

मुळात जावास्क्रिप्ट ही भाषा ‘नसणे’ या बाबतीत इतर अनेक भाषांपेक्षा श्रीमंत आहे. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा सिद्ध केला, तेव्हापासून तिच्यात अभावाची दोन मूल्ये नांदत आहेत. एक ‘नल’, म्हणजे येथे काही नाही असे कोणी जाणीवपूर्वक लिहून ठेवलेले. दुसरे ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे येथे काही लिहिलेच गेलेले नाही. शिवाय रिकामी यादी ही तिसरीच गोष्ट. ती अभाव नव्हे; तिच्यात गणना झालेली आहे आणि गणनेचे फळ शून्य आहे. हे भेद सूक्ष्म असले तरी निरर्थक नाहीत. परंतु माहितीची ने-आण ज्या जेसन आकृतिबंधातून होते, त्याला ‘नल’ तेवढे कळते. ‘अनडिफाइन्ड’ मूल्य असलेला गुणधर्म त्या आकृतिबंधात उतरवताना निमूटपणे गळून पडतो. आणि जे भेद या प्रवासात टिकतात, ते लायब्ररीचा कर्ता अनेकदा स्वतःच पुसून टाकतो. उत्तरात निर्मात्यांची यादी असेल तर ती द्यावी, नसेल तर रिकामी यादी द्यावी, असे एक छोटेसे वाक्य तो लिहितो. २०२० साली या भाषेच्या प्रमाणसंहितेत अशा वाक्यासाठी खास चिन्ह दाखल झाले. ते दोन प्रश्नचिन्हे जोडून लिहितात. डावीकडचे मूल्य ‘नल’ असो वा ‘अनडिफाइन्ड’, उजवीकडचे पर्यायी मूल्य घेऊन पुढे चालावे, असा त्याचा अर्थ. प्रश्न बुजवण्याच्या कामी दोन प्रश्नचिन्हे योजली जावीत, हा योगायोग मार्मिक आहे.

लायब्ररीच्या कर्त्याला याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. त्याने रिकामी यादी दिली नाही तर पुढचा कार्यक्रम अडखळतो. ‘नल’वर फिरू पाहणारे आवर्तन कोसळते आणि वापरणाऱ्याला भलत्याच ठिकाणी चूक दिसू लागते. रिकामी यादी हे यंत्राशी केलेले सौजन्य आहे. त्याचे मोल मात्र वाचकाला मोजावे लागते.

हे मोल नेमके कोणते, हे समजून घेण्यासाठी भारतीय दर्शनांतील अभावविचार उपयोगी पडतो. ‘भूतलावर घट नाही’ हे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते, यावर नैयायिक आणि भाट्ट मीमांसक यांच्यात दीर्घ वाद झाला. भाट्टांनी आणि त्यांच्यामागून अद्वैत्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. पण हे प्रमाण मानताना एक अट घातली गेली. कोणतीही अनुपलब्धी अभावाचे ज्ञान देत नाही. योग्यानुपलब्धीच ते देते. घट तेथे असता तर निश्चितपणे दिसला असता, अशी परिस्थिती असेल तरच त्याच्या न दिसण्यावरून तो नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घटाविषयी काहीच सिद्ध होत नाही; सिद्ध होतो तो केवळ अंधार.

संशोधिकेच्या हातातील रिकामी यादी ही अनुपलब्धी आहे. तिला योग्यता आहे की नाही, हा खरा प्रश्न. रंगकाराचे नाव असते तर ते या नोंदीत आलेच असते, असे म्हणता येईल काय? तसे म्हणण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. त्या काळी रंगकाराचे नाव छापण्याची प्रथा असावी लागते. छापलेले नाव कोणी तरी पाहून नोंदवलेले असावे लागते. आणि नोंदवलेले नाव ज्या उत्तरात येते तेच उत्तर मागितलेले असावे लागते. यांपैकी एक जरी गोष्ट नसली तरी यादी रिकामीच येते. आणि प्रत्येक वेळी तिचा आकार, लांबी, रूप हुबेहूब सारखे असते.

आता त्या प्रबंधातील आलेखाचा विचार करावा. साठच्या दशकात मार्व्हलच्या कथांच्या पहिल्या पानावर लेखक, रेखाटनकार आणि शाईकार यांच्याबरोबर आर्टी सिमेक, सॅम रोझेन अशा अक्षरलेखकांचीही नावे छापली जात. रंगकाराचे नाव तेथे नसे. ‘फँटॅस्टिक फोर’ आणि ‘स्पायडरमॅन’ यांच्या प्रारंभीच्या अंकांची रंगयोजना करणारे स्टॅन गोल्डबर्ग त्या पानांवर अनुपस्थित आहेत. त्याआधी, पन्नाशीच्या प्रारंभी, ईसी या प्रकाशनाची कॉमिक-पुस्तके रंगवणाऱ्या मरी सेव्हरिन यांचे कामही वाचकांपुढे बहुतांशी निनावीच होते. रंगकारांची नावे नियमितपणे छापण्याची प्रथा सत्तरच्या दशकात रूढ झाली. छापील श्रेयावर आधारलेल्या नोंदींतून, रिकाम्या यादीला शून्य मानून, दशकवार आलेख काढला तर तो सांगेल की रंगकार नावाचा निर्माता सत्तरच्या दशकात एकाएकी उदयास आला. पाने तर तीन दशके आधीपासून रंगीत होती. संशोधिका अंक स्वतः चाळणारी असेल तर तिला हे खटकेल. ती केवळ यादीची लांबी मोजणारी असेल तर खटकणार नाही. मरी सेव्हरिन यांचे श्रम पहिल्यांदा छपाईने वगळले. आलेख त्यांना दुसऱ्यांदा वगळतो, आणि या खेपेस पुराव्याच्या आविर्भावात. पहिले वगळणे ही प्रथा होती. दुसरे निष्कर्ष ठरू पाहते, म्हणून अधिक गंभीर आहे.

ग्रँड कॉमिक्स डेटाबेसच्या नोंदकारांनी हा धोका आधीच ओळखला होता. त्यांच्या नोंदपद्धतीत अंक हे एकक नसून अंकातील प्रत्येक कथा, मुखपृष्ठ इत्यादी घटक स्वतंत्रपणे नोंदवले जातात आणि प्रत्येकासमोर संहिता, पेन्सिल, शाई, रंग, अक्षरे, संपादन असे रकाने असतात. कर्ता ठाऊक नसेल तर रकाना मोकळा न ठेवता तेथे प्रश्नचिन्ह लिहावयाचे. नाव तर्काने दिले असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह. कथेवर स्वाक्षरी असेल अथवा श्रेय छापलेले असेल तर तशी नोंद. आणि कृष्णधवल कथेप्रमाणे जेथे रंगाचे कामच झालेले नाही, तेथे ‘रंग नाहीत’ असे सांगणारी वेगळी खूण. मोकळा रकाना, प्रश्नचिन्ह आणि ‘नाही’ या तीन गोष्टी येथे वेगळ्या राहतात. सैद्धांतिक परिभाषेचा आधार न घेता या हौशी मंडळींनी अनुपलब्धी आणि अभाव यांतील सीमारेषा एका चिन्हाने आखून घेतली.

या एका चिन्हामागे केवढा इतिहास असू शकतो, हे कार्ल बार्क्स यांच्या उदाहरणावरून कळते. १९४२ पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९६६ पर्यंत, त्यांनी डोनाल्ड डकच्या आणि पुढे स्वतः निर्माण केलेल्या अंकल स्क्रूजच्या असंख्य कथा लिहिल्या व चितारल्या. छापील नाव मात्र वॉल्ट डिस्नींचे. वाचकांना एवढेच कळत होते की बदकांच्या कथांमध्ये एक हात इतरांपेक्षा सरस आहे. त्याला ते ‘चांगला बदक-चित्रकार’ म्हणत. साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर काही वाचकांनी त्यांचे नाव शोधून काढले. तोपर्यंत शैली होती, ओळख होती, निष्ठावंत वाचक होते. नव्हते ते केवळ नाव. बदक-चित्रकाराच्या जागी रिकामी यादी ठेवली असती तर शोध घेण्याजोगे काही उरले आहे, हेच दिसले नसते. प्रश्नचिन्ह ही शोधाची जागा राखून ठेवते.

याच्या उलट, रकाना भरलेला असणे ही देखील ज्ञानाची हमी नव्हे. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात बॅटमॅन प्रथम अवतरला. कथेवर नाव बॉब केन यांचे होते. कथा लिहिली होती बिल फिंगर यांनी. फिंगर १९७४ साली वारले आणि बॅटमॅनच्या निर्मितीत त्यांचे नाव अधिकृतपणे जोडले जाण्यास २०१५ साल उजाडावे लागले. पुढील काळात केन यांच्या स्वाक्षरीखाली शेल्डन मोल्डॉफ यांच्यासारख्यांनी अनेक वर्षे चित्रे काढली. मराठी वाचकाला येथे संतकवितेतील नाममुद्रेची आठवण व्हावी. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा अभंगाच्या अंगात विणलेली असते. तरीही तेवढ्यावरून अभंग तुकोबांचाच ठरत नाही, आणि म्हणून गाथेच्या संपादकांना प्रक्षेपांचा विचार करावा लागतो. फरक असा की भक्ताने संतांची मुद्रा वापरली तर तेथे स्वतःचे नाव विसर्जित करण्याची भावना असू शकते. केन यांची मुद्रा करारातून आली होती. नाव आहे म्हणून कर्ता तोच, असे दोन्ही ठिकाणी म्हणता येत नाही. पण नाव नसण्याची कारणे दोन्ही ठिकाणी एक नाहीत. डेटाबेसच्या रकान्यात ही कारणे मावत नाहीत.

नोंदीचे एकक कोणते मानले आहे, यावरही कर्तृत्वाचे चित्र अवलंबून असते. जून १९३८ चा दिनांक असलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल व जो शुस्टर यांच्या सुपरमॅनबरोबरच फ्रेड गार्डिनिअर यांचा जादूगार झटारा आणि इतरही कथा होत्या. कॉमिक व्हाइनमध्ये श्रेय अंकाला जोडलेले असते, कथेला नव्हे. त्यामुळे तेथून आलेल्या यादीत सीगल, शुस्टर आणि गार्डिनिअर शेजारी शेजारी बसतात. गार्डिनिअर यांनी सुपरमॅनला हात लावला नव्हता, हे त्या यादीवरून कळण्याचा मार्ग नाही. एका बाजूला रिकामी यादी नसलेला अभाव सुचवते. दुसऱ्या बाजूला भरलेली यादी नसलेले साहचर्य सुचवते.

मार्व्हलच्या एपीआयचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथे प्रत्येक अंकाच्या निर्मात्यांच्या यादीबरोबर ‘उपलब्ध किती’ आणि ‘परत दिले किती’ असे दोन आकडे येत. आपण दिलेले उत्तर अपुरे असू शकते, याची ती कबुली होती. पण ‘उपलब्ध’ म्हणजे प्रकाशकाच्या वहीत उपलब्ध. काम करणाऱ्यांपैकी किती जण त्या वहीत पोचले, हे त्या आकड्यावरून कळत नसे. दुसरे असे की, प्रत्येक उत्तराच्या आवरणात ही माहिती मार्व्हलने पुरवली आहे, असे सांगणारे श्रेयवाक्य असे आणि माहिती वापरणाऱ्याने ते प्रदर्शित करावे, अशी अट होती. निर्मात्यांची यादी रिकामी असू शकत होती. संस्थेच्या श्रेयाचा रकाना मात्र कधीच रिकामा नसे. हा एपीआय २०१४ च्या प्रारंभी खुला झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॅक कर्बी यांच्या वारसांशी चाललेला दीर्घ वाद मार्व्हलने तडजोडीने मिटवला. साठच्या दशकातील मार्व्हलच्या पद्धतीत कथेचा आराखडा घेऊन चित्रकार पाने रचत असे आणि संवाद मागाहून घातले जात. अशा कामात ‘लेखक’ आणि ‘रेखाटनकार’ हे दोन रकाने स्वच्छ वेगळे पडत नाहीत. कर्बींना ‘रेखाटनकार’ या एकाच रकान्यात बसवणे ही नोंद नव्हे. ती वादातील एक बाजू आहे.

फूकोच्या परिभाषेत सांगावयाचे तर, लेखक-कार्य आता केवळ ग्रंथालयाच्या सूचीत वा न्यायालयाच्या निकालात घडत नाही. लायब्ररीच्या एका पर्यायी मूल्यातही ते घडते. तेथे ते अधिक निःशब्दपणे घडते, कारण तो निर्णय निर्णयासारखा दिसत नाही. ग्रंथसूचीकार ‘कर्ता अज्ञात’ असे लिहितो तेव्हा तो एक विधान करतो आणि त्या विधानाची जबाबदारी घेतो. रिकामी यादी कोणतेही विधान न करता तेच, किंवा त्याहून अधिक, सांगून जाते.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो फार अवघडही नाही. लायब्ररी वापरण्यापूर्वी तिची मूळ संहिता वाचावी. ती बहुधा काहीशे ओळींची असते आणि पर्यायी मूल्य कोठे योजले आहे ते तेथे दिसते. डेटाबेसचे मूळ उत्तर जसेच्या तसे जपून ठेवावे. मोजणी करताना शून्याचा एक स्तंभ न ठेवता तीन ठेवावेत: विचारले नाही, ठाऊक नाही, आणि खरोखरच नाही. संशोधिकेने असे केले तर तिचा आलेख पूर्वीइतका सुबक राहणार नाही. पन्नास व साठच्या दशकांवर ‘ठाऊक नाही’ असा मोठा करडा पट्टा पसरलेला दिसेल. परीक्षकांना तो प्रबंधातील दोष वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात प्रबंधातील सर्वाधिक विश्वसनीय भाग तोच असेल. कारण कोणत्या पानांवर काम केलेल्या माणसांचा शोध अद्याप घ्यावयाचा आहे, हे तेवढ्याच पट्ट्यावरून कळेल.